फारसी आकडे आणि जागा सोडणारं वजाचं चिन्ह : माझा अनुभव

चष्म्याच्या नंबरात सगळा भार चिन्हावर असतो. उणे १.७५ म्हणजे लांबचं धूसर दिसतं, अधिक १.७५ म्हणजे नेमका उलटा दोष. दुबईतल्या एका नेत्र-दवाखान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये फारसी घालायचं काम माझ्याकडे आलं, आणि चाचणीच्या पहिल्या प्रिंटवरच वजाचं चिन्ह आकड्याच्या उजवीकडे जाऊन बसलेलं दिसलं. मला फारसी येत नाही. तिथल्या इराणी दृष्टितज्ज्ञ बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या की फारसी मजकूर उजवीकडून डावीकडे जातो, पण आकडा आतल्या आत डावीकडूनच लिहिला-वाचला जातो आणि वजा त्याच्या डाव्या अंगालाच हवा.

आधी फॉन्टवर संशय घेतला. फॉन्टचा काहीच दोष नव्हता. मग युनिकोडचा (जगभरच्या लिप्यांची अक्षरं संगणकात साठवायचं प्रमाण) द्विदिश मजकुराचा, म्हणजे दोन्ही दिशांचं लिखाण एकत्र येणाऱ्या मजकुराचा, नियम मुळापासून वाचला आणि सगळा उलगडा झाला. त्या नियमात प्रत्येक अक्षराला एक वर्ग दिलेला आहे, आणि ते कोणत्या दिशेने मांडायचं हे त्यावरून ठरतं. अरबी अंकांचा वर्ग 'अरबी संख्या'. फारसी अंक मात्र त्यांच्यापासून वेगळे साठवले जातात (४, ५ आणि ६ यांची वळणंही बरीचशी वेगळी असतात) आणि त्यांचा वर्ग आहे 'युरोपीय संख्या'. गोम अशी, की हेच फारसी अंक एखाद्या फारसी किंवा अरबी अक्षरानंतर आले की त्यांना 'अरबी संख्या' मानलं जातं. म्हणजे तोच आकडा तक्त्याच्या चौकटीत एकटा असताना एका नियमाने चालतो आणि वाक्यात दुसऱ्या. आपल्या देवनागरी अंकांना ही अडचण येतच नाही. युनिकोडने त्यांना अक्षरांसारखंच ठाम डावीकडून उजवीकडे जाणारं ठरवलंय.

याचे परिणाम मी एकेक करून तपासले. तारीख तिरक्या रेघेने लिहिली, १४०२/०५/१२ अशी (हे इराणी पंचांगातलं वर्ष), तर ती सगळीकडे नीट राहते. आडवी रेघ घातली तर चौकटीत १४०२-०५-१२ आणि वाक्यात १२-०५-१४०२. वर्ष चार आकडी असेल तर वाचणारा सावरून घेईल; दोन आकडी असेल तर काहीच कळणार नाही. आडव्या रेघेने तोडलेल्या फोन नंबरांचे तुकडेही असेच जागा बदलतात. टक्क्याचं चिन्ह वाक्यात आकड्याच्या डावीकडे दिसतं, एकट्या चौकटीत उजवीकडे. आणि वजा? उजवीकडून सुरू होणाऱ्या चौकटीत तो आकडा एकटा असला तरी चुकीच्याच बाजूला जातो.

दशांशचिन्हाची मला सगळ्यात जास्त धास्ती होती, कारण फारसीचं स्वतंत्र दशांशचिन्ह, ज्याला इराणात मोमय्येज म्हणतात, ते 'अरबी संख्या' वर्गातलं आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे अंक 'युरोपीय'. एका आकड्यात दोन वर्ग! पण अंकांमध्ये अडकलेलं ते एकटं चिन्ह सगळ्या मांडण्यांत जागेवरच राहिलं. त्रास निघाला तो टंकनात. लोक मोमय्येजऐवजी सर्रास तिरकी रेघ वापरतात, काही जण साधा टिंब. जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेला फारसी अंक संख्या म्हणून कळतच नाहीत. पायथन या दुसऱ्या भाषेला अंक कळतात, पण मोमय्येज दिसताच तो त्रुटी देतो. म्हणून नोंद घेतानाच फारसी आणि अरबी दोन्ही अंक साध्या इंग्रजी (0 ते 9) अंकांत बदलायचे, नंबराच्या रकान्यात तिरकी रेघ आली तर ती दशांश समजायची, तारखेच्या रकान्यात तिला हात लावायचा नाही, आणि साठवायची ती निव्वळ संख्या, असं ठरवलं. फारसी रूप फक्त दाखवताना.

दाखवण्यासाठी ब्राउझरची स्थानिक संख्यारूपाची सोय वापरली. फारसीसाठी ती वजाच्या आधी एक अदृश्य दिशाखूण स्वतःहून घालते, आणि तीच खूण वजाला डावीकडे धरून ठेवते. तरी आमचा वजा पळत होता, कारण छपाईआधी मजकूर 'स्वच्छ' करणारा एक जुना भाग न दिसणारी सगळी अक्षरं काढून टाकत होता. तो भाग हटवला. त्यावर प्रत्येक आकडा, तारीख आणि फोन नंबर बीडीआय टॅगमध्ये (मजकुराचा तुकडा दिशेपुरता वेगळा ठेवणारी वेबपानातली खूण) वेगळा ठेवला आणि त्या टॅगची दिशा डावीकडून उजवीकडे अशी स्पष्ट लिहिली. अशा विलग तुकड्याला शेजारचं फारसी अक्षर दिसतच नाही, त्यामुळे वाक्यात आणि चौकटीत आकडा सारखाच राहतो. टॅग नसलेल्या मजकुरासाठीही युनिकोडने २०१३ मध्ये, ६.३ आवृत्तीत, अशा विलगीकरणाच्या खुणा दिल्या आहेत. माझ्या मते द्विदिश मजकुराच्या कामात ही सगळ्यात मोलाची भर आहे.

'इतक्यापासून इतक्यापर्यंत' हे दाखवायला मात्र मी रेघ पूर्ण बंद केली. दोन आकड्यांमधली रेघ कुठून वाचायची हे वाचणाऱ्यावर सोडण्यात अर्थ नाही. तिथे 'अज़ ४ ता ६' असं फारसी शब्दांतच छापतो. टक्का कुठे असावा यावर दवाखान्यातच दोन मतं होती. शेवटी काचेच्या रंगछटेचं प्रमाण 'दर्सद' हा शब्द लिहूनच द्यायचं ठरलं.

राहिला एसएमएस. तिथे टॅग नसतात आणि जुन्या फोनना २०१३ च्या खुणा ओळखता येतीलच असं नाही. म्हणून संदेशात प्रत्येक नंबराआधी, ब्राउझर वजाआधी घालतो तीच जुनी, साधी दिशाखूण घातली, आणि उजवा डोळा, डावा डोळा यांच्या ओळी वेगळ्या करून एका ओळीत एकच आकडा ठेवला.