पोरगं आळशी आहे का, मॅडम?

ज्युनिअर कॉलेजला बायॉलॉजी शिकवते मी, त्यामुळं पालक भेटले की मार्कांच्या आधी हेच, मॅडम, थोरला गजर न लावता पहाटे चारला उठून तालमीत जातोय आणि धाकटा रात्री दोनपर्यंत टक्क जागा, सकाळी हलवून उठवावं लागतंय, आळसच की हा? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, थोडा आळस असेलही, पण सगळा नव्हे.

दिवसभर मेंदू एनर्जी खर्च करतो तसं त्यात अडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि डोळे जड होतात. चहातलं कॅफिन ते कमी करत नाही बरं का, फक्त त्याच्या जागेवर जाऊन बसतं, एसटीत रुमाल टाकून सीट धरतात तसं. अर्धं कॅफिन उतरायलाच साधारण 5 तास, म्हणजे अभ्यासासाठी म्हणून रात्री दहाला घेतलेला चहा दोन-तीनला पण अंगात असतोयच.

पण खरी गंमत शरीरातल्या घड्याळात आहे. 1971 ला कोनोप्का आणि बेंझर या दोघा शास्त्रज्ञांना अमेरिकेत अशा फळमाश्या सापडल्या की एकीचा दिवस 19 तासांचा, एकीचा 28 चा, एकीला तर ताळतंत्रच नाही, आणि तिन्हीत बिघाड एकाच जीनमध्ये! त्या जीनपासून बनणारं प्रोटीन रात्री साठतं, स्वतःच्याच जीनला बंद करतं, मग तुटून संपतं की जीन परत सुरू, असा फेरा साधारण 24 तासांचा. हे उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना 2017 चं नोबेल मिळालं. माणसातपण असेच जीन आहेत. त्यातल्या पीईआर-2 या जीनमधला एक बदल 2001 मध्ये अमेरिकेतल्या एका कुटुंबात सापडला, ते कुटुंब संध्याकाळी साडेसातच्या आसपास झोपायचं आणि पहाटे साडेचारला जागं. आपल्याकडं असते तर गल्लीभर कौतुक झालं असतं, काय शिस्तीचं घराणं म्हणून!

धाकट्याचं वयही आडवं येतं. या वयात मेलॅटोनिन, म्हणजे रात्र झाली असं शरीराला सांगणारं हार्मोन, रात्री उशिरा सुटायला लागतं, झोपच मागं सरकते. माझ्या सव्वासातच्या लेक्चरला मागच्या बाकावरची पोरं पेन धरूनच झोपतात, वहीवर शाईची रेघ तिरकी खाली ओघळत गेलेली असते, मी काही बोलत नाही.

तोंडावर पाणी मारण्यापेक्षा त्याला उठल्या उठल्या उजेडात काढा, रंकाळ्यावर एक फेरी मारून आणा, कारण मेंदूतलं घड्याळ डोळ्यांत जाणाऱ्या उजेडावर लागतं. रात्री मोबाईल लांब. आणि रविवारी बारापर्यंत लोळू देऊ नका, नाहीतर सोमवारी परत पहिल्यापासून.