कूलर घुं घुं करून राह्यला होता

मागच्या रविवारी, ऐन नवतप्यात (उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस), आमचा कूलर बसला. म्हणजे अर्धाच बसला. पंप चालू, ताट्यांवर पाणी पडून राह्यलं, पण पंखा जागचा हलेना, नुसता घुं घुं. मेकॅनिकने फोनवरच सांगून टाकलं, मोटर जळली, वाइंडिंग (आतली तारेची गुंडाळी) नवीन करा. न पाहताच!

भाचा सुट्टीत आला होता, दहावीचा पोट्टा, ओहमचा नियम, व्ही इज इक्वल टू आय आर (व्होल्ट म्हणजे करंट गुणिले रेझिस्टन्स), त्याला तोंडपाठ. म्हटलं चल बे, आज कूलरच शिकू. त्याचा पहिलाच प्रश्न भारी होता, "मामा, पंखा बंद तर पंप काहून चालू?" कारण दोघं पॅरललमध्ये आहेत, दोघांनाही आपापले २३० व्होल्ट मिळतात, एक रुसला तरी दुसऱ्याला फरक पडत नाही. पण पंख्याचा स्विच मात्र पंख्याच्या सिरीजमध्ये, तो बंद केला की करंटचा रस्ताच तुटला. आणि ओहमचा नियम? पाण्याच्या टाकीचं उदाहरण सगळेच देतात म्हणून मी कपड्याची प्रेस पुढे केली, १००० वॅटची. वॅट भागिले व्होल्ट म्हणजे करंट, १००० भागिले २३०, साधारण ४.३ अँपिअर. मग २३० भागिले ४.३, म्हणजे गरम असताना जवळपास ५३ ओहमचा रेझिस्टन्स. पोट्ट्याने मोबाईलवर दोनदा करून पाहिलं.

आता घुं घुं. आपल्या घरचा करंट सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होतो, त्यामुळे एकट्या वाइंडिंगचं चुंबक जागच्या जागी धडधडतं, कोणत्या बाजूने फिरायचं हे त्याला कळत नाही. म्हणून मोटरमध्ये दुसरं वाइंडिंग असतं आणि त्याच्या सिरीजमध्ये कपॅसिटर, चार्ज साठवणारी छोटी डब्बी. कपॅसिटरमुळे त्या वाइंडिंगच्या करंटची वेळ सरकते, दोन्ही मिळून फिरतं चुंबक तयार होतं, पंखा सुटतो. कपॅसिटर गेला की मोटर नुसती गुरगुरते, आणि लाकडी काडीने पात्याला धक्का दिला की फिरायला लागते. आमची लागली! (जाळीतून लांब काडी घालून, बोट नाही. पोट्ट्यांनी हे करू नये.)

मग प्लग काढला. कपॅसिटर चार्ज धरून ठेवतो, म्हणून आधी त्याच्या दोन वायरी जुन्या १०० वॅटच्या बल्बच्या होल्डरला टेकवल्या. मग मल्टीमीटर लावला, डब्बीवर छापलेलं ४ मायक्रोफॅरड (चार्ज साठवायच्या ताकदीचं माप), मीटरवर १.१, म्हणजे कपॅसिटरच गेला होता. नागपूरच्या बर्डीवरून (सीताबर्डी बाजार) तसाच ४ चा, ४४० व्होल्टचा आणला, तर्री पोह्याच्या दोन प्लेटच्या आसपास पैसे लागले. वाइंडिंग म्हणे!

लावताना प्लग उघडला, तर आत दोनच वायरी. अर्थिंगची हिरवी वायर कोणीतरी कापून टेप मारून ठेवली होती, तिसरी जाड पिन नुसती शोभेला. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि चहा पितो. लोखंडी बॉडी, खाली पाणी, वर ओले हात. भाचा म्हणे एमसीबी आहे ना, करंट जास्त झाला की आपोआप पडणारा बोर्डातला स्विच. अरे, १६ अँपिअरची एमसीबी वायर वाचवायला असते, माणसाचा जीव जायला अर्धा अँपिअरही लागत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी पाहिजे, करंट बाहेर गळला की लगेच लाइन तोडणारा स्विच, ती आमच्या बोर्डात नव्हतीच.

त्या रात्री हिरवी वायर जोडून मगच कूलर लावला. आरसीसीबीसाठी वायरमनला बोलावलंय, तो "उद्या येतो" म्हणून राह्यला, आज चौथा दिवस.