चित्रातलं लोणी

इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या क्रॅनब्रुक गावात 1850 च्या दशकात काही चित्रकार येऊन राहिले. फ्रेडरिक डॅनियल हार्डी त्यातला एक, 1857 मध्ये आलेला थॉमस वेबस्टर दुसरा. बुटक्या छताचं खेडुती घर, बाजूच्या खिडकीतून येणारा उजेड, पोरं आणि कामात असलेली बाई, हे त्यांचे आवडते विषय. त्या काळच्या अशा चित्रात लोणी काढायचं उभं लाकडी पिंप दिसलं की मराठी डोळा लगेच म्हणतो, ही तर रवी! पण तसं नाही. रवी दोरीने उलटसुलट फिरते. इथे दांड्याच्या टोकाला भोकांची चकती असते आणि दांडा झाकणाच्या भोकातून वर-खाली करायचा. घुसळण्यापेक्षा ते मुसळाने कांडण्याच्या जवळचं.

शिवाय आपण विरजलेलं दही घुसळतो. तिकडे कच्च्या दुधावरची साय एक-दोन दिवस आंबवून घ्यायचे. साय 14-16 अंश सेल्सियसला हवी. गरम झाली तर लोणी तेलकट, लिबलिबीत येतं; फार गार असली तर हात दुखेपर्यंत काही जमत नाही. म्हणून पिंप चुलीला खेटून दिसलं तर समजावं, हिवाळा आहे. उन्हाळ्याच्या चित्रात ते तिथे असेल तर चित्रकाराने ते शोभेला ठेवलंय.

पिंप अर्ध्यापेक्षा जास्त भरत नाहीत, कारण साय फुगते आणि तिला आपटायला जागाच उरत नाही. मिनिटाला साठेक ठोके, अर्धा-पाऊण तास. कान जागा ठेवावा लागतो: आधी पातळ खळखळ, मग साय दाटली की दांडा जड आणि आवाज बसका, आणि एकदम पुन्हा खळखळ. ताक सुटलं. लोण्याचे कण गव्हाच्या दाण्याएवढे झाले की थांबायचं. मोठा गोळा होईपर्यंत हाणत राहिलं तर ताक आत अडकतं आणि लोणी लवकर खवट होतं. मग पाणी नितळ निघेपर्यंत गार पाण्याने दोन-तीनदा धुवायचं, किलोला 20-30 ग्रॅम मीठ लावायचं आणि ओल्या लाकडी फळ्यांनी दाबून उरलेलं पाणी काढायचं. फळ्या कोरड्या असल्या तर लोणी त्यांनाच चिकटतं. एवढ्या खटाटोपानंतर दहा लिटर दुधाचं लोणी अर्धा किलोच्या आतबाहेर!

चित्रात यातलं पाणी कुठेच नसतं. झाकणाच्या भोकातून उडणारे शिंतोडे नाहीत, फरशी कोरडी ठणठणीत, बाईच्या बाह्यांना डाग नाही. गाय तरी असायची का, हाही प्रश्नच. गावाच्या सामाईक कुरणांना कुंपणं पडून ती खासगी झाल्यावर बऱ्याच शेतमजुरांना गाय पाळणं परवडेनासं झालं होतं. चित्रं विकत घ्यायचे ते बहुतेक शहरातले पैसेवाले, कारखानदार. त्यांना ताकाचा आंबूस वास भिंतीवर नकोच होता.

लबाडीचा हिशेब कधीकधी रंगानेच चुकता केला. एकोणिसाव्या शतकात अंधारे कोपरे खोल दिसावेत म्हणून बरेच इंग्लिश चित्रकार डांबरी तपकिरी रंग वापरत. लावताना तो मधासारखा चमकतो, पण पुरता वाळत कधीच नाही. वरचा थर आकसतो, खालचा सरकतो आणि मगरीच्या कातडीसारख्या भेगा पडतात. खिडकीजवळचा बाईचा चेहरा अजून ताजा दिसतो. पिंप उभं असतं त्या काळोख्या कोपऱ्यात, आणि भेगा तिथेच आधी पडतात.