स्टेशनकडे पाठ करून

गिरगावातली खोली सोडायच्या आदल्या दिवशी आईनं शेवटचा बाजार केला तो मासळीचा. जिच्याकडून तीसेक वर्षं तिनं मांदेली, बोंबील, बांगडे घेतले, त्या कोळीणमावशीनं दोन पापलेटं जास्तीची टाकली आणि त्यांचे पैसे घेतले नाहीत. "बाय, तिकडं म्हावरा कसला भेटतोय तुला," एवढंच म्हणाली. आई घरी येईपर्यंत गप्प होती. पापलेटं तळताना डोळ्यांना पदर लावला, आणि तो काही धुरामुळे नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही विरारला आलो. विरार पश्चिम, बोळिंज. चर्चगेटपासून साठ किलोमीटर. घर छान आहे, दोन्ही बाजूंनी वारा येतो, आईला पहिल्यांदाच स्वतःची खोली मिळाली. पण पहिले चार महिने आम्ही जे खाल्लं ते आठवलं की अजून वाईट वाटतं. मी सकाळची गाडी पकडून फोर्टला जायची आणि रात्री नऊला घरात पाऊल टाकायची. येताना स्टेशनबाहेरून काहीतरी घ्यायचं. वडापाव, नूडल्स, लाल रंगाचं मंचुरियन, कधी रोटी आणि पनीरची एकाच चवीची कुठलीतरी भाजी. मोबाइलवरून मागवलं तर चाळीस मिनिटांनी गार डबा यायचा. आईनं मासे खाणंच सोडलं. जवळच्या दुकानात बर्फातली कोलंबी असायची. तिनं एकदा हातात घेतली, वास घेतला आणि परत ठेवली. "वरणभात चालेल मला," म्हणाली. जन्मभर मासळीवर वाढलेली बाई असं म्हणते तेव्हा मुलीनं काय समजायचं?

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी वाट दाखवली. त्यांचं माहेर नंदाखालचं. वसईच्या या पट्ट्यातले ख्रिस्ती लोक घरात सामवेदी बोलतात. मराठीच्या कुशीतलीच बोली, पण कानाला वेगळी लागते. काकू आईशी शुद्ध मराठीत बोलायच्या आणि फोनवर बहिणीशी त्या बोलीत. एकदा त्यांनी आईला विचारलं, विरारमध्ये कुठं कुठं जाऊन आलात? आई म्हणाली, स्टेशनपर्यंत. काकू म्हणाल्या, "स्टेशन म्हणजे विरार नव्हे हो. स्टेशनकडे पाठ करा आणि समुद्राच्या दिशेनं निघा."

ते मला एकदम पटलं. इथं नव्यानं आलेल्या प्रत्येकाचं तोंड स्टेशनकडे असतं. घराची जाहिरात 'स्टेशनपासून दहा मिनिटं' अशी असते, रिक्षा स्टेशनकडे, दुकानं स्टेशनकडे, आपले पायसुद्धा आपोआप स्टेशनकडे. विरारहून मुंबईला पहिली लोकल गेली १८६७ मध्ये, तेव्हा दिवसाला जाणारी एक आणि येणारी एक एवढंच होतं. म्हणजे गावाचं तोंड फिरलं ते फार उशिरा. त्याआधी शेकडो वर्षं इथलं सगळं जगणं पश्चिमेकडे, खाडीकडे आणि समुद्राकडे बघत होतं. शेजारचं नालासोपारा हेच प्राचीन शूर्पारक बंदर. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप खणला, अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही तिथंच सापडला. दोन हजार वर्षांपूर्वी जिथं गलबतं लागत होती, तिथं चांगलं काही खायला मिळत नाही असं मी चार महिने समजून बसले होते.

पुढच्या रविवारी आम्ही दोघी समुद्राकाठच्या अर्नाळ्याच्या रस्त्याला लागलो. स्टेशनवरून अर्नाळ्याला बस आहे, शेअर रिक्षाही मिळते. बोळिंजच्या शेवटच्या उंच इमारती मागे पडल्या आणि दहा मिनिटांत हवाच बदलली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाड्या. केळी, नारळ, पानवेली, जास्वंदीच्या रांगा, सोनचाफा. मधूनच जुनी कौलारू घरं, ओटीवर झोपाळा, काही घरांपुढे क्रूस आणि काहींपुढे तुळस. पहाटेच्या गाडीत फुलांच्या टोपल्या घेऊन दादरला उतरणाऱ्या बाया मी रोज पाहत होते. त्या टोपल्या कुठून येतात हे त्या दिवशी कळलं.

वाटेत आगाशीला उतरलो. भवानीशंकराचं देऊळ पाहिलं, तळ्याकाठी बसलो. आणि मग भुजिंग, इथला चिकनचा खास पदार्थ, विचारलं, तर दुकानदार दादा म्हणाले, आत्ता नाही, संध्याकाळी. पुढे अर्नाळ्याला गेलो तर बाजार केव्हाच उठला होता, दोन बाया रिकाम्या टोपल्या धूत होत्या. दुपारी बारा वाजता आम्ही मासळी घ्यायला गेलो होतो. उपाशीच परतलो. पण इथलं खाणं घड्याळ आणि महिना बघून शोधायचं असतं, हे त्या एका फेरीत कळलं. स्टेशनजवळची दुकानं सकाळी अकरा ते रात्री अकरा, बारा महिने एकच देतात. इकडे बोंबलाची वेळ वेगळी, भुजिंगची वेगळी, सुकेळ्यांचा, म्हणजे सुकवलेल्या केळ्यांचा, महिना वेगळा.

त्यानंतरच्या शनिवारी संध्याकाळी पुन्हा आगाशी. या वेळी वास आधी आला, कोळशावर भाजल्या जाणाऱ्या मसाल्याचा. भुजिंग म्हणजे मसाला लावून निखाऱ्यांवर भाजलेलं चिकन आणि त्यात परतलेले पोहे. भुजणं म्हणजे भाजणं, नावातच कृती आहे. सळ्यांवर चिकन भाजून झालं की मोठ्या कढईत कांदा, मसाला, बटाट्याच्या फोडी, वरून पोहे आणि त्यात ते चिकन. पोहे सगळा मसाला आणि कोंबडीचा रस पिऊन घेतात, पण मऊ पडत नाहीत. आगाशीत ऐंशीएक वर्षांपासून हा पदार्थ होतोय, आणि मूळचा तो ताडीबरोबर खायचा चखणा, असं इथले जुने लोक सांगतात. ताडाची झाडं बघितली की ते खरंही वाटतं. आता वसईपासून पालघरपर्यंत भुजिंगच्या पाट्या दिसतात. बऱ्याच ठिकाणी खाल्लं. काही जण कोळशाऐवजी गॅसवर करतात, काही लाल रंग घालतात. ज्याला धुराचा वास नाही ते माझ्या लेखी चिकन-पोहे, भुजिंग नव्हे.

आईला पोह्यांत चिकन ही कल्पनाच पटत नव्हती. "पोहे सकाळी खातात," असं तिनं मला दोनदा सांगितलं. पाव किलो घेतलं, तळ्याच्या कठड्यावर पुडी उघडली. आईनं पहिला घास घेतला, मग दुसरा. मग कागदाच्या कोपऱ्यात चिकटलेले पोहे बोटानं गोळा केले. मी काही विचारलं नाही. परतताना रिक्षात तिनं विचारलं, "उद्या सकाळी किती वाजता निघायचं मासळीला?"

अर्नाळ्याचा किनारा पहाटेच बघायचा. समोर पाण्यात किल्ला, तिकडे जाणाऱ्या होड्या, आणि वाळूवर बांबू बांधून केलेल्या वलांड्या, त्यांवर जोडीजोडीनं टांगलेले बोंबील. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवतात, म्हणून दोरा लागत नाही, ते जोडीनं दोरीवर लोंबतात. सगळीकडे खारट वास. ज्यांना तो सोसत नाही त्यांनी इथं येऊ नये, मला तो वास आवडतो, गिरगावच्या बाजाराच्या दहापट. होड्या लागल्या की टोपल्या उतरतात, लिलाव होतो, व्यापाऱ्यांचा माल गाड्यांत चढतो आणि मग आपल्यासारख्या किरकोळ गिऱ्हाइकांसाठी कोळणी वाटे मांडून बसतात. बोंबील, मांदेली, करंदी, ढोमी, कधी घोळीचा तुकडा.

आईनं कल्ले उघडून पाहिले. बोट दाबून पाहिलं. भाव ऐकून उठली, चार पावलं गेली, परत आली. ती कोळीण म्हणाली, "ये गो बाय, बस." चार महिन्यांनंतर माझी आई वाळूवर उकिडवी बसली आणि तिचा आवाज पूर्वीसारखा चढला. बोंबलांचा वाटा ठरलेल्या भावापेक्षा वीस रुपये कमी देऊन घेतला आणि वर मूठभर करंदी मागून घेतली. त्या बोंबलांचं कालवण आम्ही कैरी घालून केलं. इतके ताजे बोंबील गिरगावात मी खाल्ले नव्हते, हे मला मान्य करावं लागलं. पोहोचायच्या आधी त्यांना प्रवास घडलेला असायचा.

त्याच मावशींनी सांगितलं की कोळीवाड्यात एक घर जेवण करून देतं. पाटी नाही. आदल्या दिवशी सांगायचं, किती माणसं तेवढं सांगायचं, काय मिळेल ते त्या दिवशीच्या जाळ्यावर. तांदळाची भाकरी, कालवण, तळलेला तुकडा, भात. आम्ही गेलो त्या दिवशी मांदेली होती. पडवीत बसलो, वाढायला घरातली सून, भाकऱ्या थापायला सासू. भाकरी तव्यावरून थेट ताटात. तिथला पत्ता मी इथं देत नाही. त्यांना पंधरा-वीस माणसांच्या वर झेपत नाही आणि त्यांनी वाढवावं असंही मला वाटत नाही. अर्नाळ्याला सकाळी मासळी घ्यायला गेलात, दोन-तीनदा त्याच मावशींकडून घेतलीत, तर त्या स्वतःहूनच सांगतील.

सुकेळ्यांसाठी मात्र वाट पाहावी लागली. राजेळी नावाची लांब, जाड केळी वसईच्या वाड्यांत होतात. ती पिकवून, सोलून कडक उन्हात आठवडाभर वाळवतात. दिवसा पसरायची, संध्याकाळी गोळा करायची, दव लागू द्यायचं नाही. साखर नाही, तेल नाही, काहीच नाही, फक्त ऊन. तयार सुकेळं मधासारख्या रंगाचं, चिवट आणि इतकं गोड की एक पुरतं. कार्तिकात निर्मळची जत्रा भरते, तिथं ती हमखास मिळतात. आम्ही तिथंच घेतली. विकणाऱ्या आजोबांना विचारलं, एवढी महाग का? ते रागावले नाहीत. हातावर एक सुकेळं ठेवलं आणि म्हणाले, राजेळी लावणारे किती उरलेत, ते मोज आधी. वाडीची जमीन विकली की तिथं इमारत येते. मी ज्या इमारतीत राहते, तिच्या जागी काय होतं, हे मी काकूंना विचारलं. केळी आणि पानवेली, त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून सुकेळ्याच्या भावाची घासाघीस मी करत नाही.

थंडीत काकूंच्या माहेरी उकडहंडी खाल्ली. कोनफळ, रताळी, वालपापडी, शेवग्याच्या शेंगा, छोटी वांगी, हिरवं वाटण आणि ओवा, सगळं मडक्यात, वरून पाण्याचा थेंब नाही, आपापल्या वाफेवर शिजलेलं. हे हॉटेलात मिळत नाही, मिळालं तरी त्याला मातीचा वास नसतो. नाताळात त्यांनी फुगे पाठवले, मैद्याचे तळलेले गोल गोळे, आतून पोकळ, आंबवायला पूर्वी ताडी वापरत. बरोबर मटणाचा डबा. आईनं तो डबा रिकामा परत कसा पाठवायचा म्हणून पुरणपोळ्या केल्या, आणि आता दोन्ही घरांत डब्यांचा हिशेब कोणालाच लागत नाही.

आता पावसाळा आहे. पावसाळ्यात मी नियम मोडून स्टेशन ओलांडते आणि पूर्वेला जाते, कारण डोंगराकडच्या पाड्यांवरून आदिवासी बाया रानभाज्या घेऊन येतात. पावसाच्या तोंडावर शेवळं येतात. शेवळं घशाला खाजतात, म्हणून त्यांच्याबरोबर काकडं नावाची आंबट फळं घ्यायची, ती विकणारी बाईच आठवण करून देते. पुढे टाकळा, कुरडू, भारंगी, मग कंटोळी. एका बाईनं मला कोवळा टाकळा आणि जून टाकळा यांतला फरक पानं हातात देऊन शिकवला. जून पानांची भाजी कडू होते. दहा रुपयांच्या जुडीमागे एवढं कोण सांगतं?

एक जूनपासून एकतीस जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. मासळीचे ते दिवस असतात अंडी घालायचे. आमच्या घरात त्यामुळे सध्या सुक्याचं राज्य आहे. अर्नाळ्याच्या मावशींनी मे महिन्यातच सुके बोंबील, जवळा आणि वाकट्या भरून दिल्या होत्या. वाकट्यांचं कालवण, जवळ्याची चटणी, सोबत तांदळाची भाकरी. गेल्या आठवड्यात आईनं गिरगावच्या त्या कोळीणमावशींना फोन केला आणि सुके बोंबील पाठवू का, असं विचारलं. तिकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, पण आई बराच वेळ हसत होती.

आज वीस जुलै. बंदी उठायला अकरा दिवस राहिले. आईनं मासळीची पिशवी धुऊन बाल्कनीत वाळत घातली आहे, पावसामुळे ती काही वाळत नाही, तरी ती रोज उलटीपालटी करून ठेवते.