न्यायमूर्ती रानड्यांचे दुसरे लग्न

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या प्रथम पत्नी सखूबाई ऑक्टोबर १८७३ मध्ये वारल्या आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांचे दुसरे लग्न झाले. त्या वेळी ते एकतीस वर्षांचे होते आणि पुण्यात न्यायाधीश होते. वधू होती देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची अकरा वर्षांची यमुना, म्हणजेच पुढच्या रमाबाई रानडे. १८६९ मध्ये विष्णुशास्त्री पंडितांच्या पुढाकाराने मुंबईत झालेल्या गाजलेल्या पुनर्विवाहाचे रानडे उघड पाठीराखे होते. विधवाविवाहाला वेदांचा आधार कसा आहे हे त्यांनी अभ्यासपूर्वक मांडले होते, आणि १८७० च्या पुण्यातील वादानंतर पुनर्विवाहाच्या बाजूने उभे राहिलेल्यांवर आलेला बहिष्कारही त्यांनी जवळून अनुभवला होता. आपल्या घरावर प्रसंग आला तेव्हा हाच मनुष्य बालवधूसमोर अंतरपाट धरून उभा राहिला.

या घटनेचे स्पष्टीकरण आपल्याकडे ठरलेले आहे. मुलगा आता विधवेशी लग्न करील या धास्तीने वडील गोविंदरावांनी घाईघाईने स्थळ ठरवले, रानड्यांनी परोपरीने विनवले, पण वडिलांचा शब्द त्यांना मोडवला नाही. हे सारे खरे आहे. रमाबाईंनीच 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात ते सविस्तर लिहून ठेवले आहे. तरीही हे स्पष्टीकरण वाचताना मला दर वेळी एक गोष्ट सलते. त्यात पिता आहे, पुत्र आहे, पुत्राची घालमेल आहे. मात्र जिचे बालपण त्या दिवशी संपले ती मुलगी त्यात कुठेच नाही. शिवाय दुसरा मार्ग खरोखरच नव्हता, असेही म्हणता येत नाही. पुढच्याच वर्षी, १८७४ मध्ये, खुद्द विष्णुशास्त्री पंडितांनी विधवेशी लग्न केले. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी शारदा सदन या संस्थेत शिकलेल्या विधवा गोदूबाईंशी लग्न केले आणि गावाचा व आप्तांचा रोष पत्करला. ज्यांना जमले त्यांची नावे डोळ्यांसमोर असताना रानड्यांचा नाइलाज होता असे म्हणून मोकळे होणे मला पटत नाही.

लग्नानंतरचे दिवस रमाबाईंनी ज्या साधेपणाने सांगितले आहेत, त्याला मराठीत फार थोड्या जोडी सापडतील. लग्न लागून घरी आल्यावर रानडे कोणाशी न बोलता आपल्या खोलीत दार लावून बसले. पुढे पहिल्यांदा दोघांचे बोलणे झाले तेव्हा त्यांनी या मुलीला विचारले की, तुझे लग्न कोणाशी झाले, त्यांचे नाव तुला ठाऊक आहे का. मग तिला लिहिता-वाचता येते का, हे विचारले. तिला अक्षरओळख नव्हती. तेव्हा पाटी आली आणि मुळाक्षरांचे धडे सुरू झाले. पुढे इंग्रजीचे शिक्षण सुरू झाले, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी या सुनेला जो त्रास दिला, त्याची वर्णने वाचताना आजही जीव कासावीस होतो. तिने मात्र अभ्यास सोडला नाही. स्त्रियांसाठी काम करणाऱ्या पुण्यातील सेवासदन या संस्थेचे पुढचे सारे काम या शिक्षणाच्या पायावर उभे राहिले.

इथेच वाचकाची फसगत होते, कारण पाटीचा हा प्रसंग इतका हृद्य आहे की त्यापुढे लग्नाचा प्रसंग पुसट होऊन जातो. बघा, त्यांनी तिला शिकवले, म्हणजे शेवटी चांगलेच झाले, असे आपण सहज म्हणून जातो. मला वाटते, या दोन गोष्टींची वजाबाकी करूच नये. अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न करणे चूक होते, आणि तिला शिकवणे थोर होते. रमाबाईंच्या लिखाणात पतीविषयी तक्रारीचा सूर नाही हे खरे. पण तिची तक्रार नव्हती म्हणून आपणही प्रश्न विचारू नये, हा न्याय रानड्यांनाही मान्य झाला नसता. विधवांच्या मुकाट सोसण्याला संमती समजू नका, हेच तर त्यांच्या पक्षाचे म्हणणे होते.

या दुबळेपणाची किंमत केवळ घरात मोजावी लागली नाही. संमतिवयाच्या विधेयकावरून वाद पेटला तेव्हा, १८९० मध्ये, टिळकांनी सुधारकांपुढे काही कलमे ठेवली: मुलीचे लग्न सोळाच्या आत करू नये, मुलाचे विसाच्या आत करू नये, चाळिशीनंतर पुरुषाने लग्न करू नये, करायचेच तर विधवेशी करावे; आणि हे नियम सुधारकांनी आधी स्वतःवर बांधून घ्यावेत. कायद्याला विरोध करण्याची टिळकांची भूमिका मला अजिबात मान्य नाही. शरीरसंबंधासाठी मुलीच्या संमतीच्या वयाची दहाची मर्यादा बारावर नेणारा तो कायदा १८९१ मध्ये झाला ते योग्यच झाले. पण बोलणाऱ्यांनी आधी करून दाखवावे, हा टोला बरोबर जागी बसत होता आणि त्याला निरुत्तर करील असे उदाहरण रानड्यांच्या घरात नव्हते. पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्यावरून उठलेल्या प्रकरणातही, १८९२ मध्ये, त्यांनी प्रायश्चित्त घेतले आणि त्यांचे चाहते खजील झाले.

मला असे दिसते की त्यांचा हा दोष आणि त्यांचा सर्वांत मोठा गुण एकाच स्वभावातून आलेले आहेत. कोणाला तोडायचे नाही, सर्वांना बरोबर घेऊन सावकाश पुढे जायचे, ही त्यांची वृत्ती होती. सार्वजनिक सभेपासून सामाजिक परिषदेपर्यंत अनेक संस्था तिच्यामुळे उभ्या राहिल्या आणि टिकल्या. वडिलांपुढे आणि बिरादरीपुढे मान तुकवली गेली, तीही याच वृत्तीमुळे. हे समजले की दोष लहान होत नाही, पण माणूस अधिक नीट दिसू लागतो.

काही काळापूर्वी एका जयंतीच्या कार्यक्रमात मला रानड्यांवर बोलायचे होते. आयोजकांनी आधीच विनंती केली की लग्नाचा विषय टाळावा, श्रोत्यांत शाळकरी मुले आहेत. मी नम्रपणे नकार दिला आणि तो विषय सांगितला. मुलांनी तो अतिशय शांतपणे ऐकला. एका मुलीने विचारले की रमाबाईंना त्या वेळी भीती वाटली असेल का. यापेक्षा नेमका प्रश्न मला आजवर कोणी विचारलेला नाही. थोर पुरुषांच्या दोषांविषयी बोलताना आपण त्यांच्या प्रतिष्ठेची जेवढी काळजी करतो, तेवढी त्या दोषाची झळ ज्यांना लागली त्यांची करत नाही.

१८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात, रानड्यांनीच स्थापलेल्या डेक्कन सभेच्या वतीने, रानड्यांच्या १०१ व्या जयंतीनिमित्त डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. विभूतिपूजेचा धोका त्यांनी त्या व्याख्यानात स्पष्ट शब्दांत सांगितला आणि त्याच व्याख्यानात रानडे थोर होते हेही कारणांसह मांडले. सामाजिक सुधारणेवाचून राजकीय हक्क टिकत नाहीत, हा रानड्यांचा विचार त्यांना मोलाचा वाटत होता आणि तो त्यांनी पूजेचे कोणतेही उपचार न करता, वादविवादाच्या भाषेत, श्रोत्यांपुढे ठेवला. जयंतीला बोलायचे कसे, याचा याहून चांगला नमुना मला ठाऊक नाही.