फॉक्स हंट: शेवटचे शंभर मीटर

बुधवार, रात्र

रविवारी वेताळ टेकडीवर फॉक्स हंट आहे. छोटे ट्रान्समीटर लपवायचे आणि हातात अँटेना घेतलेल्या जोड्यांनी ते शोधून काढायचे, इतका साधा खेळ. लपवलेल्या ट्रान्समीटरला जगभरचे हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, फॉक्सच म्हणतात, पुण्यातही त्याचा कोल्हा झालेला नाही.

नवीन माणसाला वाटतं, सिग्नल जिकडे जोरात तिकडे चालत सुटायचं. तेवढ्यावर पहिला किलोमीटर निघतोही. पुढे मात्र सिग्नल मीटरच्या सगळ्या पट्ट्या भरतात, कुठेही वळलं तरी भरलेल्याच राहतात, आणि जोडी एकाच झुडपाभोवती अर्धा तास घुटमळते. हंट हरतात ते शेवटच्या शंभर मीटरांत, आणि सिग्नल कमी पडल्यामुळे नाही तर जास्त झाल्यामुळे. म्हणून या आठवड्याची तयारी शेवटाकडून उलटी करायची.

आकडे मांडले की कारण स्वच्छ दिसतं. फॉक्सची पॉवर १०० मिलीवॉट धरू, म्हणजे २० डीबीएम (एक मिलीवॉटच्या तुलनेत मोजलेले डेसिबल, दर १० डीबीला दहापट). १४५ मेगाहर्ट्झला मोकळ्या हवेत १ किलोमीटरवर साधारण ७६ डीबी घट होते, म्हणजे साध्या अँटेनाला उणे ५६ डीबीएमच्या आसपास मिळतात. व्हीएचएफवर (१४५ मेगाहर्ट्झ त्यातच येतं) एस-९, म्हणजे मीटरवरची जोरदार सिग्नलची खूण, उणे ९३. फॉक्स नजरेच्या टप्प्यात असेल तर तो किलोमीटरभरावरूनच एस-९च्या ३७ डीबी वर बसलेला असतो. अंतर निम्मं केलं की ६ डीबी वाढतात, १ किलोमीटरवरून १० मीटरवर आलं की आणखी ४०. हँडीच्या, म्हणजे हातातल्या वॉकीटॉकीच्या, पट्ट्या त्याच्या कितीतरी आधी संपतात. झाडी, उतार आणि फॉक्सची आखूड अँटेना यांच्यामुळे प्रत्यक्षात बरंच कमी पोचतं, म्हणून तर लांबून मीटरचा उपयोग होतो.

गुरुवार

आज अँटेना. मेजरिंग टेपची तीन एलिमेंटची (पट्ट्यांची) यागी, म्हणजे एका दिशेनंच जोरात ऐकणारी अँटेना, सगळ्यात बरी: झुडपात अडकली तर वाकते आणि परत सरळ होते. ॲल्युमिनियमची नळी एकदा वाकली की संपली. २५ मिलिमीटर रुंदीची स्टीलची टेप घ्यायची, ३ मीटरची पुरते. रिफ्लेक्टर (मागची पट्टी) १०५ सेंटिमीटर, डायरेक्टर (पुढची) ८९ सेंटिमीटर, आणि केबल जोडायच्या मधल्या ड्रिव्हन एलिमेंटचे ४५-४५ सेंटिमीटरचे दोन तुकडे, त्यांच्यामध्ये अडीच सेंटिमीटर फट. रिफ्लेक्टर ते ड्रिव्हन २०.३ सेंटिमीटर, ड्रिव्हन ते डायरेक्टर ३१.८. बूम (मधला दांडा) अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचा, जोडाला दोन क्रॉस आणि एक टी. टेप क्रॉसवर होज क्लिपनं आवळायची. चार-पाच मिलिमीटर इकडेतिकडे झाले तर बिघडत नाही, पण डायरेक्टर आणि रिफ्लेक्टर उलटे लावले तर सगळी बेअरिंगं (मोजलेल्या दिशा) १८० अंशांनी चुकतात. बूमच्या पुढच्या टोकाला लाल चिकटपट्टी गुंडाळून ठेवावी.

ही अँटेना फसते ती डाग देताना. टेपवर रंग असतो, काहींवर नायलॉनचा थर असतो, आणि त्याखालचं स्टील तांब्यासारखं लगेच सोल्डर धरत नाही. २५ वॉटच्या आयर्ननं प्रयत्न केला तर टेप सगळी उष्णता पिऊन टाकते, सोल्डर मण्यासारखं वर बसतं आणि केबल हलली की टिकली निघावी तसं निघून येतं. पॉलिश पेपरनं टोकाचे दोन सेंटिमीटर चकचकीत होईपर्यंत घासायचे, फ्लक्स लावायचा, ६० वॉट किंवा त्यावरचं आयर्न घ्यायचं आणि आधी नुसती टेपच कल्हई केल्यासारखी पांढरी करून घ्यायची. सोल्डर पाण्यासारखं पसरलं की मगच आरजी-५८ केबलची मधली तार एका तुकड्याला आणि जाळी दुसऱ्याला. त्याच दोन ठिकाणी १२.७ सेंटिमीटर लांबीची, यू आकारात वाकवलेली तांब्याची तार जोडायची, पायांमधलं अंतर पाऊण इंच. ती हेअरपिन, केबल आणि अँटेना जुळवणारी. पुढे केबलची पाच-सहा वेटोळी बूमवर घालून चिकटपट्टीनं बांधली की केबलच अँटेनासारखी वागायची थांबते. टेपची टोकं गोल कापून त्यांवर पट्टी लावणं विसरू नये, ती डोळ्यांच्या उंचीवर फिरतात.

ज्यांना फक्त ऐकायचं आहे त्यांनी एसडब्ल्यूआरचा (अँटेनाकडून परत येणाऱ्या पॉवरच्या मापाचा) बाऊ करू नये. तपासायचं ते एवढंच की अँटेना मागच्या बाजूनं किती बहिरी आहे. मोकळ्या मैदानात शंभर पावलांवर कुणाला तरी कमी पॉवरवर बोलायला लावायचं आणि पाठ फिरवायची. मीटर धाडकन पडला पाहिजे. ही रचनाच तशी आहे: थोडा गेन (पुढचा जोर) सोडून मागचा नल (बहिरी दिशा) खोल ठेवलेला.

शुक्रवार

ॲटेन्युएटर, म्हणजे सिग्नल मुद्दाम दाबणारं सर्किट. माझ्या मते फॉक्स हंटमधला हा सगळ्यात महत्त्वाचा डबा, आणि नेमका हाच सगळे पुढच्या वेळेवर ढकलतात.

साधा रोधकांचा ॲटेन्युएटर केबलमध्ये घातला तर दोनशे-तीनशे मीटरपर्यंत काम भागतं. त्याहून जवळ गेलं की सिग्नल केबलमधून यायची वाटच बघत नाही, तो हँडीच्या प्लॅस्टिकच्या कवचातून थेट आत शिरतो. अँटेना काढून टाकली तरी मीटर भरलेला. मग कितीही डीबी कापा, उपयोग शून्य.

ऑफसेट ॲटेन्युएटर हा प्रश्न मुळातून सोडवतो. ४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल ऑसिलेटर, एक १एन४१४८ डायोड, १ किलो-ओहमचं पोटेन्शिओमीटर, दोन-चार कपॅसिटर, ९ व्होल्टची बॅटरी. सगळं तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, एका फेरीत मिळतं. अँटेनाचा सिग्नल आणि ऑसिलेटर डायोडमध्ये मिसळले की फॉक्स १४५.२०० मेगाहर्ट्झवर असेल तर त्याची एक प्रत १४९.२०० वर आणि एक १४१.२०० वर तयार होते. हँडी १४९.२०० वर लावायची. आता कवचातून घुसणारा १४५.२०० चा सिग्नल हँडी ऐकतच नाही. ती ऐकते फक्त डायोडमध्ये तयार झालेली प्रत, आणि तिचा जोर पोटेन्शिओमीटरनं ऑसिलेटर कमी-जास्त करून हवा तसा उतरवता येतो. फॉक्सपासून दोन पावलांवरही दिशा मिळते. १४९.२०० वर आधीच कुणाचं बोलणं चालू असेल तर १४१.२०० वर जायचं.

यात एक गोष्ट फार सांभाळायची. हँडी ॲटेन्युएटरला जोडलेली असताना पीटीटी (बोलायचं बटण) दाबला गेला तर डायोड जळतो, आणि १४९.२०० हा हॅम बँडच नाही. आपला बँड १४४ ते १४६. तिथे क्षणभर जरी कॅरिअर (नुसता सिग्नल) गेला तरी दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखं आहे. हँडीच्या मेनूत त्या चॅनेलचं ट्रान्समिट बंद करायचं. तशी सोय नसेल तर पीटीटीखाली पुठ्ठ्याची पट्टी सरकवून वरून चिकटपट्टी.

नॉब किती फिरवायचा ते कानानं ठरतं. एफएममध्ये सिग्नल भरपूर असला की खरखर पूर्ण जाते, आणि मग दहापट सिग्नल आणि शंभरपट सिग्नल कानाला एकसारखेच. स्क्वेल्च (खरखर दाबून ठेवणारी सोय) उघडा ठेवायचा आणि टोनच्या मागे खरखर जेमतेम ऐकू येईपर्यंत नॉब उतरवायचा. त्या जागी दोन-तीन डीबींचा फरकसुद्धा लगेच कळतो: अँटेना थोडी वळवली की खरखर वाढते, परत आणली की टोन स्वच्छ. चार पावलं पुढे गेलं की पुन्हा सगळं स्वच्छ होतं, पुन्हा नॉब उतरवायचा. शेवटचे शंभर मीटर म्हणजे हेच: चाल, उतरव, फिर, चाल.

डबा झाला नसेल त्यांच्यासाठी तीन उपाय. एक, हँडी ५, मग १०, मग १५ किलोहर्ट्झ बाजूला सरकवायची, सिग्नल तितका पडतो. दोन, तिसरा हार्मोनिक, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या तिपटीवर उमटणारा सिग्नल: १४५.२०० चा ४३५.६०० वर येतो, तो मुळातच दुबळा असल्यानं फॉक्स अगदी जवळ असेल तेव्हाच ऐकू येतो. तीन, आपलं शरीर. हँडी छातीशी धरून जागेवर सावकाश गोल फिरायचं. सिग्नल सगळ्यात पडेल तेव्हा फॉक्स आपल्या पाठीमागे असतो.

शनिवार

फॉक्सची पेटी. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत पाच फॉक्स एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीनं एकेक मिनिट बोलतात, पाच मिनिटांचं चक्र. त्यांचे मोर्स संकेत एमओई, एमओआय, एमओएस, एमओएच आणि एमओ५. शेवटच्या अक्षरात अनुक्रमे एक ते पाच टिंबं असतात, त्यामुळे मोर्स न येणाऱ्यालाही नुसती टिंबं मोजून फॉक्स ओळखता येतो. पहिली जागतिक स्पर्धा १९८० साली पोलंडमध्ये झाली, तेव्हापासून ही पद्धत मुरलेली आहे. आपण उद्या तीनच ठेवणार, पण संकेत तेच.

मायक्रोकंट्रोलरनं पीटीटी चालवायचा तर एक बिघाड हमखास येतो: ट्रान्समीटरचाच आरएफ (रेडिओ सिग्नल) तारांमधून कंट्रोलरमध्ये शिरतो, कंट्रोलर मध्येच अडकतो, आणि फॉक्स न थांबता कॅरिअर सोडत राहतो. बॅटरी तासाभरात खलास, आणि बाकीचे दोन फॉक्स कुणालाच ऐकू येत नाहीत. पीटीटी आणि ऑडिओच्या तारांवर फेराइट मणी, ग्राउंडला १ नॅनोफॅरडचे कपॅसिटर, प्रोग्रॅममध्ये वॉचडॉग (अडकलेला कंट्रोलर पुन्हा सुरू करणारा), आणि शेवटचा आडसर म्हणून हँडीचा टाइम-आउट टायमर फॉक्सच्या मिनिटापेक्षा थोडासाच जास्त. सोपा फॉक्स हवा असेल तर एमपी३ प्लेअर आणि व्हॉक्स, म्हणजे आवाज आला की आपोआप ट्रान्समिट सुरू करणारी सोय. फक्त व्हॉक्स सुरुवातीचा तुकडा खातो, म्हणून रेकॉर्डिंगच्या आधी अर्धा सेकंद नुसता टोन ठेवावा, नाहीतर कॉलसाइनचं (लायसन्सवरच्या ओळखसंकेताचं) पहिलं अक्षर रोज गायब. कॉलसाइन प्रत्येक फेरीत जायलाच हवं, आणि ट्रान्समीटर लायसन्सधारकाच्या ताब्यात असायला हवा.

फ्रिक्वेन्सी निवडताना रिपीटरच्या (सिग्नल पुन्हा जोरात पाठवणाऱ्या स्टेशनांच्या) फ्रिक्वेन्सींच्या जोड्या टाळायच्या आणि १४५.८ च्या वरचा भाग उपग्रहांसाठी सोडायचा.

पेटी प्लॅस्टिकचीच, स्टीलच्या डब्यातून सिग्नल बाहेर येत नाही. आणि आता सगळ्यात गंभीर गोष्ट: तारा आणि अँटेना बाहेर आलेली बेवारस पेटी शहराच्या टेकडीवर ठेवणं म्हणजे फिरायला येणाऱ्यांना घाबरवणं. पेटीवर मोठ्या मराठी अक्षरांत काय आहे, कुणाचं आहे आणि किती वाजेपर्यंत आहे ते लिहिलेलं असावं. जवळच्या पोलीस चौकीत आदल्या दिवशी कळवावं, वन विभागाची परवानगी कागदावर असावी, आणि प्रत्येक फॉक्सपासून हाकेच्या अंतरावर गटातलं एक माणूस बसलेलं असावं. झाडाला खिळा ठोकायचा नाही, दोरीनं बांधायचं.

रविवार, पहाट

निघण्याआधी नव्यांसाठी बेअरिंगची उजळणी.

या यागीची पुढची पाकळी (ती जोरात ऐकते तो पट्टा) रुंद आहे, साठेक अंशांची, त्यामुळे सर्वात जास्त सिग्नलची दिशा बोथट येते. शिखर शोधू नये. डावीकडे वळत सिग्नल ठरावीक पट्टीला पडेल ती दिशा होकायंत्रावर घ्यावी, मग उजवीकडे तशीच. ४० आणि १०० आले तर फॉक्स ७० अंशांवर. नंतर पाठ फिरवून नल त्याच रेषेत येतो का ते बघावं. फॉक्सची अँटेना उभी असेल तर आपली एलिमेंटंही उभी धरायची. होकायंत्र टेपच्या स्टीलपासून हातभर लांब धरावं. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाहूनही कमी फरक आहे, तेव्हा नकाशावर रेघ मारताना दुरुस्तीची कटकट नाही. दहा अंशांची चूक १ किलोमीटरवर पावणेदोनशे मीटर होते, म्हणून लांबून घेतलेल्या एका रेघेवर धावत सुटू नये. दुसरं बेअरिंग अशा जागेवरून घ्यावं की दोन रेघा काटकोनाच्या जवळपास छेदतील.

आणि खाण. वेताळ टेकडीवर जोड्या चुकतात त्या बहुतेक तिथेच. खाणीच्या तळाशी उभं राहिलं की थेट सिग्नल काठावर अडतो आणि समोरच्या कातळावरून आपटून आलेला जास्त भरतो. अँटेना ठामपणे कातळ दाखवते आणि माणूस कातळ चढायला लागतो. पत्र्याची शेड, पाण्याची टाकी, तारेचं कुंपण यांचंही तेच. ओळखायची खूण सोपी: १४५ मेगाहर्ट्झला तरंगलांबी २ मीटरच्या थोडी वर, म्हणून मीटरभर बाजूला सरकून पुन्हा मोजायचं. खरी दिशा जागेवर राहते, परावर्तित दिशा उड्या मारते किंवा जोर एकदम ढासळतो. शंका आली की काठावर, देवळाच्या बाजूच्या उंचावर परत जायचं. चढण्यात गेलेली दहा मिनिटं वसूल होतात.

आजची आणखी एक अडचण म्हणजे पाऊस. ग्लिरिसिडियाची पानं ओली आहेत, सिग्नल रोजच्यापेक्षा थोडा दबलेला येईल, आणि दबलेला सिग्नल लांबचा वाटतो. मीटरवरून अंतराचा अंदाज आज करूच नये, फक्त छेद बघावेत. पायात बूट, काठीनं झुडूप हलवून मगच हात आत.

जोडीत एकानं अँटेना आणि नॉब, दुसऱ्यानं नकाशा. नकाशावाल्यानं मीटर बघायचा नाही, नाहीतर दोघेही भरलेल्या पट्ट्यांच्या मागे लागतात. फॉक्स दिसला तर हात लावायचा नाही, ओरडायचं नाही. पेटीवरचा चार आकडी क्रमांक टिपायचा आणि पंचवीस-तीस पावलं चालत गेल्यावरच थांबायचं, म्हणजे मागून येणाऱ्या जोडीला जागा कळत नाही. वेळ दीड तास, ७ ते साडेआठ.

साडेआठला लपवणाऱ्यांनीच जाऊन तिन्ही पेट्या आणायच्या, यादीवर खूण करायची, दोऱ्या सोडवायच्या आणि हँडीची बॅटरी काढून मगच पेटी पिशवीत टाकायची. चालू राहिलेला फॉक्स पिशवीतूनही दर पाच मिनिटांनी बोलत राहतो.