पट्टीखालचा दिवा

सोमवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी फोन आला. पलीकडे एका छोट्या कंपनीत हिशेब बघणाऱ्या बाई होत्या. "सर, सर्व्हर चालू होत नाहीये. आणि आमचा मुलगा रुग्णालयात आहे." क्षणभर मला वाटलं, त्यांचाच मुलगा. मग उलगडा झाला. 'आमचा मुलगा' म्हणजे त्यांच्याकडे आयटी बघणारा. रविवारी संध्याकाळी त्याच्या दुचाकीला अपघात झाला होता, आणि आम्ही बोलत होतो त्या वेळी त्याच्या पायावर शस्त्रक्रिया चालू होती.

मी काम करतो ती सपोर्ट कंपनी लहान आहे, आम्ही सगळे मिळून अकरा जण. ज्या व्यवसायांत आयटी विभाग वगैरे काही नसतो, त्यांची कॉम्प्युटर, नेटवर्क, ईमेल, बॅकअप ही सगळी कामं आम्ही बाहेरून सांभाळतो. ही खोके बनवणारी कंपनी आमची ग्राहक नव्हती. दोन वर्षांपूर्वी मालकांशी एकदा बोलणं झालं होतं. तेव्हा त्यांनी नम्रपणे सांगितलं होतं, "आमच्याकडे माणूस आहे." ते खरंच होतं.

मी आणि माझा एक सहकारी नऊच्या सुमारास पोहोचलो. अठरा कॉम्प्युटर आणि जिन्याखालच्या सामानाच्या खोलीत एक सर्व्हर. त्यात तीन डिस्क, प्रत्येकी दोन टेराबाइटची, 'रेड ५' पद्धतीने जोडलेल्या. या रचनेत तीनपैकी एक डिस्क गेली तरी उरलेल्या दोन डिस्कवरून तिच्यातला डेटा हिशेबाने काढता येतो आणि काम चालू राहतं. दुसरीही गेली, की सगळं थांबतं. एका डिस्कचा दिवा विझलेला होता. दुसरीच्या दिव्यावर खाकी चिकटपट्टी होती.

मी मोबाइलचा उजेड पाडला. पट्टीवर बॉलपेनने बारीक अक्षरात लिहिलं होतं, "डिस्क मागवली आहे." खाली तारीख. पाच महिन्यांपूर्वीची.

पट्टी सोलली. खाली पिवळा दिवा लुकलुकत होता.

पुढचं सगळं त्या दिव्यानेच सांगितलं. एक डिस्क पाच महिन्यांपूर्वीच गेली होती. तेव्हापासून सर्व्हर दोन डिस्कवर, कसलाही आधार नसताना चालत होता, आणि रविवारी रात्री कधीतरी दुसरीनेही मान टाकली. कंट्रोलरची, म्हणजे या डिस्क एकत्र सांभाळणाऱ्या भागाची, नोंदवही उघडली तर तारखा जुळल्या. बिघाडाची सूचना ईमेलने पाठवायची सोय त्या मुलाने करून ठेवली होती, पण ज्या खात्यातून ते ईमेल जायचे त्याचा पासवर्ड त्याआधीच कधीतरी बदलला गेला होता. पाच महिने सर्व्हर सूचना पाठवत राहिला आणि एकही कुणापर्यंत पोहोचली नाही.

या वेळी घाई केली की डेटा कायमचा जातो. कंट्रोलर स्क्रीनवर एक मोहक पर्याय देतो, बाद झालेली डिस्क जबरदस्तीने पुन्हा जोडून घेण्याचा. पाच महिन्यांपूर्वी गेलेली डिस्क अशी जोडली, तर तिच्यावरचा शिळा डेटा ताज्या डेटात मिसळतो आणि दोन्हींचा चुथडा होतो. म्हणून पहिलं काम, मार्करने तिन्ही डिस्कवर शून्य, एक, दोन असे आकडे घातले, फोटो काढले आणि सर्व्हर बंद केला. जुनी मेलेली डिस्क बाजूला ठेवली. उरलेल्या दोन्हींची हुबेहूब नक्कल काढायला घेतली. त्यासाठी आम्ही डीडीरेस्क्यू नावाचं साधन वापरतो. ते आधी डिस्कचा सहज वाचता येणारा भाग उचलतं, खराब जागा नोंदवून ठेवतं आणि त्यांच्याकडे शेवटी वळतं. मरू घातलेल्या डिस्कला सुरुवातीलाच दमवायचं नसतं. चांगल्या डिस्कची नक्कल साडेपाच तासांत होईल असा अंदाज होता. आजारी डिस्कचं काही सांगता येत नव्हतं.

"बॅकअप आहे ना?" मालकांनी दारातूनच विचारलं.

होता. सर्व्हरला लावलेली एक बाहेरची डिस्क. रोज रात्री दोनला बॅकअप घ्यायची वेळ लावलेली. पण ती भरून गेली होती आणि शेवटचा यशस्वी बॅकअप होता ४७ दिवसांपूर्वीचा. शिवाय त्यावर कुलूप होतं, आणि पासवर्ड फक्त त्या मुलाला माहीत होता.

मालकांनी त्याच्या बायकोला फोन लावला आणि मोबाइल माझ्या हातात दिला. मला शब्द सुचेनात. "ताई, या वेळी विचारू नये, कळतंय मला, पण…" त्या म्हणाल्या, "ते शुद्धीवर आले की पहिलं हेच विचारणार आहेत. थांबा, त्यांची डायरी आहे माझ्या पिशवीत." मग रुग्णालयाच्या त्या मार्गिकेतून त्यांनी मला एकेक अक्षर वाचून दाखवलं. मागे कुणाचं तरी नाव पुकारलं जात होतं, चाकांची खाट गेल्याचा आवाज आला. पहिल्या वेळी कुलूप उघडलं नाही. दुसऱ्याही वेळी नाही. "सहावं अक्षर शून्य आहे की ओ, ताई?" त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. "शून्य असावं. ते शून्यावर तिरकी रेघ मारतात." कुलूप उघडलं. एका कंपनीची सगळी मिळकत त्या तिरक्या रेघेवर टांगलेली होती.

इथून पुढे दिवस तीन ठिकाणी चालला. मी जिन्याखाली डिस्कच्या नकलांपाशी. माझा सहकारी वरच्या खोलीत, ४७ दिवस जुन्या बॅकअपवरून आमच्या एका सुट्या मशीनवर तात्पुरता सर्व्हर उभा करत होता. तिसरी सहकारी आमच्या ऑफिसमधून त्यांचे ईमेल तपासत होती, कारण ग्राहकांच्या ऑर्डर तिकडेच येत होत्या. तासाभरात तिचा फोन आला. कंपनीचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं नाव, त्या मुलाच्या खाजगी ईमेलवर नोंदवलेलं आहे आणि मुदत संपायला १९ दिवस उरलेत. तो रुग्णालयात महिनाभर राहिला असता तर सर्व्हर दुरुस्त होऊनही कंपनीचे ईमेल आणि वेबसाइट बंद पडली असती.

दुपारी तीनच्या सुमारास तात्पुरता सर्व्हर चालू झाला. आकडे जुने होते, पण ग्राहकांचे पत्ते, दर, खोक्यांची मापं मिळाली. हिशेबाच्या बाई सकाळपासून वहीत हाताने बिलं लिहीत होत्या, पानाला समास आखून, अनुक्रमांक घालून. दोन गाड्या त्यांच्या त्या वहीवर बाहेर पडल्या. त्या दिवशी त्यांच्याइतकं शांत डोकं तिथे कुणाचं नव्हतं.

संध्याकाळी त्यांनीच एक फाइल आणून मालकांसमोर ठेवली. खरेदीच्या मागण्यांची. त्यात एक कागद होता, "सर्व्हरसाठी डिस्क, नग १, तातडीचं." मंजुरीच्या जागी सही नव्हती. त्यामागे महिनाभराने केलेली आणखी एक मागणी. तीही कोरीच. मालक बराच वेळ त्या दोन कागदांकडे बघत बसले. मग म्हणाले, "तो आला होता माझ्याकडे. मी म्हटलं, चालतोय ना सर्व्हर? मग पुढच्या महिन्यात बघू."

मी काही बोललो नाही, पण माझ्या पोटात कालवलं. कारण मी स्वतः चार वर्षं एका ठिकाणी असाच एकटा होतो. वडील अतिदक्षता विभागात असताना मी जिन्यात उभा राहून फोनवर कुणाला तरी राउटर बंद करून चालू करायला सांगत होतो. तिथे मला कुणी वाईट वागवलं नाही. फक्त माझ्याशिवाय कुणाला काही माहीत नव्हतं. वर्षाचे तास होतात ८,७६०. एक माणूस रोज आठ तास, वर्षाला २४० दिवस कामावर असला, तर त्याचे होतात १,९२०. उरलेले ६,८४० तास सर्व्हर चालूच असतो, फक्त त्याच्याकडे बघणारं कुणी नसतं. आणि जे तास तो कामावर असतो, ते प्रिंटर अडकला, पासवर्ड विसरला, नवीन माणसाला ईमेल काढून द्या यात जातात. रात्रीच्या बॅकअपची नोंद वाचायला त्याला सवड कधी मिळणार?

लोक बाहेरच्या सपोर्टचा विचार करतात तेव्हा पगार वाचेल का, एवढाच हिशेब मांडतात. कधी वाचतो, कधी नाही. खरा फरक मी त्या दोन कोऱ्या मागण्यांत पाहिला. पगारदार माणूस मालकाला तिसऱ्यांदा तेच विचारायला कचरतो. आमच्याकडे डिस्क बिघडल्याचं तिकीट, म्हणजे कामाची नोंद, आपोआप उघडतं आणि डिस्क बदलल्याशिवाय ते बंद करता येत नाही. आठवडा उलटला की आमच्या प्रमुखांकडे जातं, तिथून ग्राहकाच्या मालकाकडे लेखी जातं. त्यात कुणाला संकोच वाटण्याचा प्रश्नच नाही, कारण ते आमच्या कराराचंच काम आहे.

साडेआठला आजारी डिस्कची नक्कल संपली. दोन टेराबाइटपैकी काही किलोबाइट सोडून सगळं वाचलं गेलं होतं. दोन नकलांवरून ती रचना आम्ही आमच्या मशीनवर पुन्हा जुळवली. मूळ डिस्कना हात न लावता फाइल तपासल्या. अकरा चाळीसला हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडलं आणि शेवटची नोंद दिसली, शनिवार संध्याकाळची. बाई अजून बसून होत्या. त्यांनी पडद्यावरची रक्कम वहीतल्या रकमेशी ताडून पाहिली, मग चष्मा काढून डोळे पुसले आणि पुन्हा चष्मा लावून खालची ओळ तपासायला घेतली.

मंगळवारी मालकांनी करार करायचा म्हणून बोलावलं. त्यांचा पहिला विचार होता, मुलाला कमी करून सगळंच आम्हाला द्यावं. मी स्पष्ट नाही म्हटलं. कुठल्या मशीनवर कोणतं खोकं चालतं, कोणत्या कामगाराला कसं समजावावं लागतं, महिनाअखेरीला कुठे गर्दी होते, हे त्याला ठाऊक आहे आणि आम्हाला कळायला वर्ष लागेल. तो आतला राहू दे. रात्रीची देखरेख, बॅकअप, अपडेट आणि अशा दिवसाला लागणारे जास्तीचे हात आमच्याकडे द्या.

मग त्यांनी फार योग्य प्रश्न विचारला. "बाहेरच्याला किल्ल्या कशा द्यायच्या?" या प्रश्नाला गोड उत्तर देणाऱ्यापासून सावध राहावं. जुलै २०२१ मध्ये सपोर्ट कंपन्या वापरतात त्या कासेया कंपनीच्या सॉफ्टवेअरमधूनच खंडणीचा व्हायरस पसरला. कासेयाच्याच अंदाजाप्रमाणे ८०० ते १,५०० व्यवसायांना त्याची झळ बसली. स्वीडनमध्ये कूप या दुकानसाखळीला गल्ले बंद पडल्यामुळे शेकडो दुकानं बंद ठेवावी लागली. कूप काही कासेयाची थेट ग्राहक नव्हती. तिच्या पुरवठादाराच्या साखळीत कुठेतरी ते सॉफ्टवेअर होतं. मी हे सगळं त्यांना सांगितलं.

म्हणून करारात आम्ही आधी त्यांच्या हिताच्या गोष्टी लिहिल्या. डोमेन कंपनीच्या नावावर. सगळ्या पासवर्डांची नोंद आणि नेटवर्कचा आराखडा त्यांच्या मालकीचा, करार संपला तरी त्यांच्याकडेच राहणारा. आमच्या प्रत्येक माणसाला वेगळं खातं, त्यावर दुहेरी पडताळणी. बॅकअपच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक जागेबाहेर, आणि ती अशा खात्यात की आमच्याही साधनांना ती पुसता येऊ नये. आणि दर तीन महिन्यांनी एक फाइल बॅकअपमधून प्रत्यक्ष परत काढून मालकांना दाखवायची. "तासाभरात प्रतिसाद" हा शब्द त्यांनी स्वतः पकडला. म्हणाले, "प्रतिसाद म्हणजे फोन उचलणार, की काम सुरू करणार?" आम्ही तिथे काम कधी सुरू होईल ते वेगळं लिहून दिलं. एक गोष्ट मात्र मी त्यांच्याच अंगावर ठेवली. डिस्कची मागणी आली, की सही त्यांनीच करायची. ते काम आम्हाला देता येत नाही.

मुलगा सात आठवड्यांनी कुबडी घेऊन आला. तो आधी जिन्याखाली गेला. तिन्ही दिवे हिरवे होते. मी ती खाकी पट्टी पाकिटात जपून ठेवली होती, ती त्याला दिली. त्याने ती बराच वेळ हातात धरली आणि विचारलं, "मालकांनी पाहिली?" मी म्हटलं, पाहिली, आणि तुझ्या दोन्ही मागण्याही पाहिल्या. त्याचा चेहरा मी विसरणार नाही.

मागच्या महिन्यात तो बायकोला घेऊन आठ दिवस बाहेरगावी गेला होता. सहा वर्षांतली पहिली रजा. तिसऱ्या रात्री दोन वाजून सतरा मिनिटांनी त्या सर्व्हरच्या एका डिस्कने खराब जागांची सूचना दिली. आमच्या रात्रपाळीच्या सहकारीने तिकीट उघडलं, सकाळी मालकांची सही झाली, दुपारपर्यंत नवीन डिस्क बसली. त्याला फोन केला नाही. परत आल्यावर त्याने तिकीट वाचलं आणि मला एवढंच लिहिलं, "मला कळवलं नाहीत, बरं केलंत."